बोडोचा पंचनामा

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या ऑफिसात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सात-आठ वकील आणि लॉ कॉलेजची काही मुलं बसतो. नुकसानभरपाईचं एक प्रकरण घ्यायचं आणि पहिल्या तक्रारीपासून हातात पडलेल्या शेवटच्या पैशापर्यंत ते वाचून काढायचं, एवढाच शिरस्ता. मे महिन्यात नायजेरियातल्या बोडो गावाचं प्रकरण ठरलं होतं. वाचन सुरू होण्याआधीच अमरावती महामार्गालगतच्या एका गावातले संत्रा बागायतदार काका दारात उभे राहिले. हातात कापडी पिशवी, पिशवीत लिटरची प्लास्टिकची बाटली, झाकणावर पॉलिथिन आणि त्यावर दोन रबरबँड. बाटलीत खाली गढूळ पाणी आणि वर बोटभर पिवळट थर. झाकण सैल केलं आणि पंखा चालू असूनही खोलीभर डिझेलचा वास पसरला.

"हे माह्या विहिरीचं पानी आहे जी," काका म्हणाले.

तीन आठवड्यांपूर्वी रस्त्यावर डिझेलचा टँकर उलटला होता. डिझेल नाल्यात गेलं आणि नाल्याच्या काठावरून झिरपत विहिरीत उतरलं. झाडांवर आंबिया बहाराची फळं आणि मोटार बंद. फळगळ सुरू झालेली. पोलीस आले, क्रेन आली, दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. त्याची झेरॉक्स काकांनी पुढे केली. त्यात एकच ओळ कामाची होती: अंदाजे २०० लिटर डिझेल सांडले.

"दोनशे लिटर लिवलं त्यायनं. पन मोजलं कोनं?"

मी काकांना थांबायला सांगितलं. त्या दिवशी आम्ही जे वाचणार होतो, त्यातलं सगळं भांडण याच प्रश्नावर उभं होतं.

खाडी, भरती आणि चोवीस इंची नळ

बोडो हे नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं, रिव्हर्स राज्यातल्या ओगोनीलँडमधलं मासेमारांचं मोठं गाव. ४९,००० च्या आसपास वस्ती. गावाभोवती खाड्या आणि खारफुटी. पुरुष होडीवर जाणार, बायका ओहोटीला चिखलातून शंख-शिंपले वेचणार, चूल खारफुटीच्या लाकडावर पेटणार. शेल कंपनीनं ओगोनीलँडमधलं तेल उपसणं १९९३ मध्येच बंद केलं होतं. पण दुसरीकडचं तेल वाहून नेणारी ट्रान्स-नायजर पाइपलाइन याच खाड्यांखालून जात राहिली. २४ इंच व्यासाची, जुनी झालेली.

२००८ मध्ये ती दोनदा फुटली. पहिल्या वेळी जोडाच्या वेल्डिंगमध्ये दोष होता. गावकऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेल २८ ऑगस्टला यायला लागलं आणि गळती थांबली ७ नोव्हेंबरला. डिसेंबरमध्ये गंजामुळे दुसरी गळती सुरू झाली, ती फेब्रुवारी २००९ मध्ये थांबली. नदीत सांडलेलं तेल निदान एका दिशेला तरी जातं. खाडीत तसं होत नाही. भरतीबरोबर तेल आत येतं, ओहोटीबरोबर बाहेर जातं, आणि दर वेळी चिखलाच्या नव्या पट्ट्यावर थर सोडतं. खारफुटीची मुळं हवेसाठी चिखलाबाहेर डोकं काढून असतात, तीच तेलानं माखली. सुमारे १,००० हेक्टर खारफुटीचं नुकसान झालं. खारफुटी गेली म्हणजे माशांची अंडी घालायची जागा गेली, शंख गेले, सरपण गेलं.

मे २००९ मध्ये कंपनीची माणसं मदत घेऊन गावात आली. तांदळाची ५० पोती, घेवड्याची ५० पोती, साखर, टोमॅटोचे खोके. गावानं आधी ती अपमान म्हणून परत केली.

"आपल्याकडं किट वाटते तसंच झालं नं जी," काका म्हणाले. कोणी हसलं नाही.

आकडा

तेलगळती झाली की नायजेरियात एक संयुक्त पाहणी होते. कंपनीचे लोक, सरकारी नियंत्रक आणि गावाचे प्रतिनिधी एकत्र जागेवर जातात, कारण आणि सांडलेल्या तेलाचं प्रमाण ठरवतात, कागदावर सह्या होतात. आपल्या भाषेत हा पंचनामाच. कागदावर तिघं असले तरी होडी, नकाशे, नळातला दाब, झडप कधी बंद केली याच्या नोंदी, हे सगळं कंपनीकडे असतं. गावाच्या प्रतिनिधीकडे असतात फक्त त्याचे डोळे. आणि भरपाईचं सगळं गणित पुढे याच कागदावर चालतं: चोरांनी नळ फोडला असं लिहिलं तर भरपाई नाही, यंत्रणेतला दोष लिहिला तर आहे.

बोडोच्या पहिल्या गळतीच्या पंचनाम्यात कारण यंत्रणेतला दोष असंच लागलं. पण गळती सुरू झाल्याची तारीख ५ ऑक्टोबर अशी पडली. गाव सांगत होतं त्यापेक्षा पाच आठवडे उशिराची. आणि तेल किती? १,६४० बॅरल. दुसऱ्या गळतीचं सुमारे २,५००. दोन्ही मिळून ४,००० च्या आसपास.

हा आकडा ढासळला तो एका चित्रफितीमुळे. गळती चालू असताना कोणीतरी ती चित्रित करून ठेवली होती. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि पोर्ट हारकोर्टची एक स्थानिक संस्था यांनी ती ॲक्युफॅक्ट्स या पाइपलाइनचा अभ्यास असलेल्या अमेरिकी कंपनीला दाखवली. त्यांनी तेल उसळतंय कसं हे पाहून दिवसाला १,४४० ते ४,३२० बॅरल असा हिशेब काढला. सर्वांत कमी दर धरा आणि गावानं सांगितलेले ७२ दिवस धरा, तरी १ लाख ३ हजार बॅरलच्या वर जातं. पंचनाम्यातल्या आकड्याच्या साठपटीहून जास्त.

बॅरल म्हणजे किती हे खोलीत कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नव्हतं. म्हणून एका मुलानं फळ्यावर टँकर मांडले. एका बॅरलमध्ये १५९ लिटर आणि आपल्या रस्त्यावरचा साधा टँकर १२ हजार लिटरचा. कंपनीच्या आकड्यानं पहिल्या गळतीचे होतात २२ टँकर. दुसऱ्या हिशेबानं जवळजवळ १,३६५. काकांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि स्वतःच्या झेरॉक्सची घडी पुन्हा उलगडली.

लंडनची वाट

नायजेरियातल्या कोर्टांत अशा दाव्यांना दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं लागत. अपिलांची रांग वेगळीच. बोडोच्या लोकांनी २०११ मध्ये ली डे या लंडनच्या वकील फर्मकडे प्रकरण दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेलच्या नायजेरियन कंपनीनं दोन गोष्टी मान्य केल्या. दोन्ही गळत्यांची नायजेरियाच्या ऑइल पाइपलाइन्स ॲक्टखालची जबाबदारी घेतली आणि लंडनच्या कोर्टाचा अधिकार स्वीकारला. आमच्या मुलांना हे फार सोपं वाटलं. जबाबदारी मान्य झाली म्हणजे काम झालं, असा त्यांचा समज. पण खरं भांडण त्यानंतर सुरू झालं, कारण जबाबदारी मान्य झाली तरी किती तेलाची, हे मान्य झालेलं नव्हतं. मार्च २०१२ मध्ये दावे दाखल झाले. शेवटी दावेदार झाले १५,६००.

२० जून २०१४ ला न्या. एकेनहेड यांनी प्राथमिक मुद्द्यांवर निकाल दिला. तो दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लागला. इंग्रजी परंपरेतले निष्काळजीपणाचे सर्वसाधारण दावे इथे चालणार नाहीत, भरपाई पाइपलाइन्स ॲक्टखालीच मागावी लागेल, हे त्यांनी कंपनीच्या बाजूनं ठरवलं. पण त्या कायद्यात पाइपलाइन 'राखण्या'ची जी जबाबदारी आहे, तिचा अर्थ फक्त दुरुस्ती असा नाही, असंही सांगितलं. चोरांवर पोलिसी पहारा ठेवणं कंपनीचं काम नाही, पण चोरी होणं सोपं पडेल असा नळ उघडा टाकून देणं, गळती ओळखायची यंत्रणा न बसवणं, याचा जाब विचारता येईल. माझ्या मते या प्रकरणातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य. त्या कायद्यातली सर्वांत मोठी पळवाट त्रयस्थाच्या दुष्ट कृत्याची होती, आणि ती इथे अरुंद झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दाव्यातली कागदपत्रं बाहेर आली. पहिल्या गळतीचा आपला आकडा कमी होता, हे कंपनीला त्यात कबूल करावं लागलं. मोठ्या नळांचं उरलेलं आयुष्य जवळपास संपत आलं आहे, असं सांगणारा कंपनीचाच २००२ चा अंतर्गत कागदही समोर आला. नळ फुटायच्या सहा वर्षं आधीचा.

त्याआधी सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीनं सुमारे ३ कोटी पौंडांची तडजोड पुढे केली होती. माणशी सुमारे १,१०० पौंड पडत होते. पाच वर्षं मासे नाहीत, मुलांची फी थकलेली, आणि समोर रोख रक्कम. गावानं ती नाकारली. आपल्या कोर्टात पक्षकाराला 'थांबा' म्हणणं किती अवघड असतं हे ज्यानं अनुभवलंय, त्यालाच या नकाराचं वजन कळेल.

जानेवारी २०१५ मध्ये, खटला सुनावणीला उभा राहण्याआधी, तडजोड झाली. साडेपाच कोटी पौंड. त्यातले साडेतीन कोटी १५,६०० माणसांना, दोन कोटी गावाला. माणशी सुमारे २,२०० पौंड, म्हणजे ६ लाख नायराच्या आसपास. त्या वेळी नायजेरियातली किमान मजुरी महिन्याला १८,००० नायरा होती, म्हणजे पावणेतीन वर्षांची मजुरी. आपल्या पैशात तेव्हाच्या दरानं दोन लाख रुपयांच्या जरा वर. माणसाचे पैसे आणि गावाचे पैसे असे वेगळे ठेवले, हे मला पूर्णपणे योग्य वाटतं. पुढाऱ्यांच्या हातून वाटप झालं असतं तर चिखलात शंख वेचणाऱ्या बाईपर्यंत किती पोचलं असतं, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

चिखल तसाच

आता जे सांगायचं आहे ते मला वाचतानाही जड गेलं. पैसे सहा वर्षांत आले. चिखल तसाच होता.

२०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं ओगोनीलँडची पाहणी करून अहवाल दिला. संपूर्ण सफाईला २५ ते ३० वर्षं लागतील आणि पहिल्या पाच वर्षांसाठीच १०० कोटी डॉलर लागतील, असा अंदाज. त्यातल्या ओगाले भागातल्या एका वस्तीत भूजलावर शुद्ध केलेल्या इंधनाचा ८ सेंटिमीटर जाड थर तरंगत होता, आणि पिण्याच्या विहिरीत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट होतं. हे वाचलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांचे डोळे आपोआप टेबलावरच्या बाटलीकडे गेले.

बोडोच्या सफाईसाठी २०१३ मध्ये वेगळी मध्यस्थी सुरू झाली, त्यात नेदरलँड्सच्या राजदूतांनी पुढाकार घेतला. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१७ उजाडलं. मधेच बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. २०१८ मध्ये लंडनच्या कोर्टानं सफाईचा दावा निकाली काढायला नकार दिला आणि कंपनीवर नजर ठेवायची वाट उघडी ठेवली. दरम्यान त्याच खाड्यांमध्ये तेलचोरी आणि हातभट्टीसारखी तेल गाळण्याची कामं वाढली, आणि धुतलेल्या जागी पुन्हा तेल आलं. कंपनी त्याकडे बोट दाखवत आली, आणि ती गोष्ट खोटी नाही. पण २००८ चं तेल २००८ मध्येच काढलं असतं तर निदान कोणाचं तेल कोणतं, हा वाद तरी उरला नसता.

पुढच्या वर्षांत दारं आणखी उघडली. जानेवारी २०२१ मध्ये हेगच्या अपील कोर्टानं नायजेरियातल्या दोन गावांच्या गळत्यांसाठी शेलच्या नायजेरियन कंपनीला जबाबदार धरलं. पुढच्याच महिन्यात इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं ओगाले आणि बिले इथल्या लोकांना मूळ ब्रिटिश कंपनीवरही दावा चालवता येईल असं ठरवलं. त्या निकालाचा पाया २०१९ च्या झांबियातल्या तांब्याच्या खाणीच्या प्रकरणात घातला गेला होता, आणि तिथली मूळ कंपनी होती वेदान्त. आपल्याला अगदी ओळखीचं नाव.

आपल्याकडचा कायदा

मुलांनी विचारलं, आपल्याकडे हे कसं झालं असतं? कागदावर आपला कायदा बोडोच्या कायद्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे. दिल्लीतल्या ओलियम या आम्लाच्या गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८६ मध्ये संपूर्ण दायित्वाचं तत्त्व घालून दिलं: धोकादायक धंदा करणाऱ्याला कोणताही बचाव नाही, त्रयस्थाचा नाही, दैवाचा नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० चं कलम १७ चूक कोणाची हे न विचारता जबाबदारी लावतं. कलम १५ खाली पाच वर्षांच्या आत पुण्याच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. याच कलम १५ मध्ये तीन वेगवेगळ्या मागण्या आहेत: माणसाला भरपाई, मालमत्ता पूर्ववत करणं आणि पर्यावरण पूर्ववत करणं. बोडो वाचल्यावर मी सगळ्यांना एकच सांगितलं, तिन्ही मागा, पहिल्याच अर्जात मागा. पैसे आधी आणि सफाई नंतर, हा क्रम तिथं किती महागात पडला ते समोर आहे.

आणि तरीही कायदा मजबूत असून आपल्याकडे मोजणी हरते. भोपाळमध्ये १९८९ साली ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली ती पीडित मोजून व्हायच्या आत. पुढे ५ लाख ७० हजारांहून अधिक दावे मान्य झाले, म्हणजे तेव्हा धरलेल्या संख्येच्या कितीतरी पट. रक्कम वाढवून मागणारी सुधारणा याचिका सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये फेटाळली. एकदा कमी मोजलं की चौतीस वर्षांनीही भरून निघत नाही.

खंत याची वाटते की मोजायला लागणारी माणसं आपल्याच गावात आहेत. पर्यावरणाचं शास्त्र जाणणारी नीरी ही संशोधन संस्था इथंच आहे. देशभरातल्या पेट्रोलियम साठ्यांना आणि टँकरना परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. आणि चाळीस किलोमीटरच्या आत पंचनाम्यात 'अंदाजे' लिहिलं जातं.

लेव्हलची नळी

काकांच्या प्रकरणात वेळ कमी होता. मृगाला दहा-बारा दिवस उरले होते. पाऊस पडला, विहिरीची पातळी वर आली, नाला वाहिला, की मोजायला काही राहणार नव्हतं.

म्हणून सोमवारीच दोन मुलं गावात गेली. गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी घेतली. ती एका सरळ वेळूला बांधून विहिरीत हळू सोडायची, वरचं तोंड अंगठ्यानं दाबून धरायचं आणि उचलायची. नळीत पाणी खाली, डिझेल वर, मधली रेघ स्पष्ट. पट्टी लावली, थर भरला अर्धा इंच. चार बाजूंनी चार वेळा मोजलं, दर वेळी तेवढाच. विहिरीचा व्यास टेपनं मोजला, २० फूट. सरपंच आणि शेजारचे दोन शेतकरी पंच म्हणून उभे राहिले, मोबाइलवर व्हिडिओ काढला, पट्टी आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र दोन्ही चित्रात येतील असं धरून. नमुन्याच्या तीन बाटल्या काचेच्या घेतल्या, प्लास्टिकच्या नाही. झाकणं लाखेनं बंद करून पंचांच्या सह्या घेतल्या. आजूबाजूला कोणी बिडी पेटवणार नाही यावर काका स्वतः लक्ष ठेवून होते.

हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. २० फूट व्यास, अर्धा इंच थर. सुमारे ३७० लिटर. एवढं डिझेल त्या एका विहिरीतच तरंगत होतं. नाला, रस्त्याकडेची माती, तीन आठवड्यांत उडून गेलेलं, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. आणि पंचनामा सांगत होता की सगळं मिळून २०० लिटर.

पुढचा आकडा आम्हाला डेपोच्या कागदातून हवा आहे. टँकर भरताना किती माल दिला याचं बिल, आणि अपघातानंतर दुसऱ्या गाडीत किती माल ओतून घेतला याची पावती. दोन्हींतला फरक म्हणजे सांडलेलं तेल. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे, आणि फेरपंचनाम्याचा अर्ज तहसील कार्यालयात दिला आहे. पोच घेताना काकांनी शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून दोनदा पाहिलं. न्यायाधिकरणाच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. त्यात बागेच्या नुकसानीची, विहीर उपसून धुण्याची आणि नाल्याकाठची माती काढण्याची, अशा तीन वेगळ्या मागण्या आहेत.

नळी काकांनी परत दिली नाही. ती विहिरीच्या कठड्याला खिळ्यावर टांगलेली असते. दर सोमवारी सकाळी दोन शेजाऱ्यांना बोलावून ते मोजतात, नातवाच्या शाळेच्या जुन्या वहीत तारीख, थर आणि पाण्याची पातळी लिहितात, आणि खाली तिघंही सही करतात.